डोळ्यांची लिपी, बोटांची लिपी आणि आपले फॉन्ट

दरवर्षी ४ जानेवारीला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर लुई ब्रेल यांच्या फोटोची पोस्ट फिरते. वर फोटो, खाली 'विनम्र अभिवादन', शेवटी हात जोडलेले इमोजी. भावना चांगलीच असते. पण ती पोस्ट म्हणजे एक चित्र असतं आणि अक्षरं त्या चित्रात असतात. अंध माणसाच्या मोबाईलमध्ये मजकूर वाचून दाखवणारा जो प्रोग्राम असतो, तो तिथे बहुतेक वेळा 'फोटो' एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. म्हणजे ज्या माणसानं अंधांना वाचायला शिकवलं, त्याच्या जयंतीची पोस्ट अंधांनाच वाचता येत नाही.

मंडळी, हे टोमणा मारायला लिहीत नाहीये. यामागे दोनशे वर्षांचा एक जुना झगडा आहे, आणि तो आजही आपल्या तालुक्याच्या कचेरीत, छापखान्यात आणि आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये चालू आहे. अंधांसाठीच्या तंत्रज्ञानाचा इतिहास आपल्याला सांगितला जातो तो शोधांचा इतिहास म्हणून. अमक्यानं हे यंत्र काढलं, तमक्यानं ते. पण नीट वाचलं की दुसरीच गोष्ट दिसते. यंत्रं येत गेली, ती चांगलीही होती. अडलं ते एकाच ठिकाणी. अक्षर कसं असावं, हे ठरवताना सोय कोणाची बघायची? बघणाऱ्याची की वाचणाऱ्याची?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात पॅरिसपासून. तिथे १७८५ च्या सुमारास व्हॅलेंटाईन हाऊई नावाच्या भल्या माणसानं अंध मुलांसाठी शाळा काढली. अशी शाळा जगात पहिलीच. त्यानं पुस्तकं केली ती अशी : आपली नेहमीचीच रोमन अक्षरं, पण ओल्या जाड कागदावर दाबून उठाव दिलेली. पोरांनी त्या उठावावरून बोट फिरवायचं आणि अक्षराचा आकार ओळखायचा. पाहुणे यायचे, पुस्तक उघडून बघायचे, त्यांना अक्षरं ओळखू यायची. वा, छान! पण बोटाला ती अक्षरं कळायला फार वेळ लागायचा. गोलाई कुठे सुरू झाली, कुठे संपली, हे चाचपडता चाचपडता आधीचा शब्द विसरला जायचा. पुस्तकं अवजड आणि मोजकीच. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पोरांना अशी अक्षरं स्वतः लिहिता येत नव्हती. वाचायचं फक्त, तेही दुसऱ्यानं दाबून दिलेलं.

या शाळेत १८१९ साली दहा वर्षांचा लुई ब्रेल आला. पॅरिसजवळच्या कुव्रे गावचा. बाप घोड्यांची खोगिरं आणि लगाम शिवणारा. तिसऱ्या वर्षी बापाच्या दुकानात आरी खेळताना डोळ्यात घुसली, जखम चिघळली, दुसरा डोळाही गेला. पोरगा हुशार. शाळेत शार्ल बार्बिये नावाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्यानं आणलेली ठिपक्यांची लिपी त्याच्या हाती लागली. तिच्यात एका चिन्हाला बारा ठिपक्यांपर्यंत जागा होती. बोटाच्या टोकाखाली एवढे ठिपके एकदम मावत नव्हते, बोट वरखाली हलवावं लागायचं. ब्रेलनं ती संख्या सहावर आणली. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके. एक अक्षर एका स्पर्शात. हे काम त्यानं १८२४ पर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षी, जवळपास पुरं केलं आणि १८२९ साली त्यावरचं पुस्तक निघालं.

सहा ठिपक्यांतून कोरी जागा सोडून ६३ चिन्हं होतात. आणि पाटीच्या चौकटीत कागद अडकवून टोचणीनं ती लिहिताही येतात. लिहायचं उजवीकडून डावीकडे, कारण कागद उलटला की उठाव दुसऱ्या बाजूला येतो. पहिल्यांदाच अंध मुलाच्या हातात स्वतःचं लिहिलेलं स्वतः वाचण्याची सोय आली.

मग शाळेनं ती डोक्यावर घेतली असेल ना? नाही. डोळस शिक्षकांचं म्हणणं असं, की हे ठिपके आम्हाला वाचता येत नाहीत. आणि आंधळ्यांची लिपी वेगळी झाली तर ते समाजापासून तुटतील. वरकरणी किती कळवळ्याचा मुद्दा! १८४० नंतर काही वर्षं तर संस्थेच्या नव्या प्रमुखांनी ब्रेल वापरणंच बंद केलं. पोरांनी ऐकलं नाही, ती चोरून लिहीत राहिली. १८४४ मध्ये संस्थेनं जाहीरपणे ही लिपी मान्य केली. लुई ब्रेल १८५२ साली क्षयानं गेला. फ्रान्सनं त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली. दोन वर्षं उशिरा.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हाऊईची अक्षरं डोळ्याला सुंदर दिसत होती, पण बोटाला मुकी होती. ब्रेलचे ठिपके डोळ्याला काहीच सांगत नव्हते, पण बोटाशी बोलत होते.

अमेरिकेत तर या भांडणाला पुढे 'ठिपक्यांची लढाई' असंच नाव पडलं. बोस्टनजवळच्या पर्किन्स शाळेनं उठावाचीच, पण कोनदार अक्षरं चालवली. न्यूयॉर्कवाल्यांनी आडव्या ठिपक्यांची वेगळी लिपी काढली. तिसऱ्यांनी ब्रेलमध्ये फेरफार करून 'अमेरिकन ब्रेल' बनवली. इंग्लंडात मूळची ब्रेल होतीच. शिवाय मून नावाच्या गृहस्थांची रेषांची लिपी. एक पुस्तक एका लिपीत, दुसरं दुसऱ्या. हेलन केलरसारख्या बाईंना वाचनासाठी अशा अनेक लिप्या शिकाव्या लागल्या. १९०९ साली न्यूयॉर्कच्या शाळा मंडळापुढे यावर सुनावण्या झाल्या. सगळ्या इंग्रजी जगाची एक ब्रेल ठरायला १९३२ साल उजाडलं. ब्रेलच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षं!

आता आपल्याकडे येऊ. भारतातली अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड बाईंनी शाळा सुरू केली, तीच पुढे दादरची अंध मुलींची शाळा म्हणून ओळखली गेली. ब्रेल आली, पण तिच्यात आपल्या भाषा बसवायच्या कशा? जो तो आपल्या पद्धतीनं बसवू लागला. ओरिएंटल ब्रेल, शाह ब्रेल, म्हैसूरची वेगळी. एकाच देशात एका प्रांतातलं पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या अंध मुलाला निरुपयोगी. अमेरिकेची ठिपक्यांची लढाई आपण इथे नव्यानं लढत होतो.

स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांत, १९४९ मध्ये, भारत सरकारनं हा प्रश्न युनेस्कोकडे नेला. त्या कामात दोन नावं महत्त्वाची आहेत. एक क्लुथा मॅकेन्झी. न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला दृष्टी गेलेले. दुसऱ्या महायुद्धात आंधळे झालेल्या भारतीय सैनिकांसाठी डेहराडूनला जे केंद्र निघालं, ते त्यांनीच चालवलं होतं. दुसरे लाल अडवाणी, स्वतः अंध, केंद्राच्या शिक्षण खात्यात अंधांचं काम बघणारे. (ते राजकारणातले नव्हेत.) १९५१ साली बैरूतच्या बैठकीनंतर 'भारती ब्रेल' ठरली. त्याच साली डेहराडूनला ब्रेल छापखानाही निघाला.

भारती ब्रेलमधली अक्कल बघा. आपल्या लिप्या दिसायला वेगवेगळ्या, पण वर्णमाला जवळपास एकच. म्हणून आकार बाजूला ठेवला आणि उच्चार धरला. मराठी क, गुजराती क, बंगाली क, तमिळ क, सगळ्यांना सहा ठिपक्यांची एकच मांडणी. तीही इंग्रजी 'के'चीच. अ ला इंग्रजी 'ए'चा एक ठिपका. मराठी अंध मुलगा कानडी ब्रेलवर बोट ठेवून उच्चार तरी करू शकतो. तुम्ही-आम्ही कानडी पाटीकडे नुसतं बघत बसतो.

अजून एक बारकावा. 'कि' हा शब्द आपण लिहितो तेव्हा पहिली वेलांटी क च्या आधी काढतो. पण बोलताना आधी क् आणि मग इ. भारती ब्रेलमध्ये आधी क, मग वेलांटी, म्हणजे बोलण्याच्या क्रमानं. ही वेलांटी आपल्याला पुढे परत भेटणार आहे.

ब्रेलचं असं मार्गी लागत असताना दुसरीकडे कानाची वाट तयार होत होती. एडिसननं १८७८ सालीच आपल्या फोनोग्राफचे उपयोग सांगताना अंधांसाठी बोलणारी पुस्तकं हा एक उपयोग सांगितला होता. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास अंधांसाठी 'टॉकिंग बुक' निघाली ती सावकाश फिरणाऱ्या मोठ्या तबकड्यांवर. तसल्या लाँग प्ले तबकड्या गाण्यांसाठी बाजारात यायला १९४८ उजाडलं. आज गाडी चालवता चालवता आपण ऑडिओबुक ऐकतो, त्याचं मूळ तिथे आहे.

तसंच स्कॅनरचं. १९७६ साली रे कुर्झवाईल यांनी छापील पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र जगापुढे आणलं. पान काचेवर ठेवायचं, यंत्र त्याचा फोटो घेणार, कुठल्याही छापातली अक्षरं ओळखणार आणि कृत्रिम आवाजात वाचणार. त्यासाठी त्यांनी केलेला सपाट काचेचा स्कॅनर पुढे झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचला. हे यंत्र करताना अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेचे लोक सोबत होते. ते वापरून बघायचे, काय चुकतंय ते सांगायचे. पहिल्या ग्राहकांत गायक स्टीव्ही वंडर होते. यंत्र टेबलाएवढं आणि किंमत अशी की ग्रंथालयांनी आणि संस्थांनीच घ्यावं.

मग आला कॉम्प्युटर, आणि त्याच्याबरोबर स्क्रीन रीडर. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. टेड हेंटर हा मोटरसायकल शर्यतीतला गडी, १९७८ च्या अपघातात त्याची दृष्टी गेली. त्यानं कंपनी काढली आणि १९८९ साली 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर आणला. उत्तम, पण किंमत हजार डॉलरच्या घरात. आपल्याकडच्या अंध विद्यार्थ्यानं तो घ्यायचा कसा? २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणानं ठरवलं की डोळस माणसाला पडदा बघायला जादा पैसे पडत नाहीत, तर अंधाला का पडावेत? त्यानं 'एनव्हीडीए' लिहायला घेतलं, जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र सोबतीला आला. फुकट आणि खुलं. त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठीही बोलतो. यंत्रासारखा, कोरडा, पण बोलतो. २००९ पासून आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आला, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आहे. आज आठ-दहा हजारांच्या मोबाईलमध्ये हे सगळं येतं, वेगळा रुपया मोजावा लागत नाही.

म्हणजे प्रश्न मिटला की! यंत्र आलं, स्वस्त झालं, मराठी बोलू लागलं. मग अडतंय कुठे?

आमच्या तालुक्यात स्पर्धा परीक्षा देणारा एक अंध तरुण आहे. नाव सांगत नाही. बी.ए. झालाय, लॅपटॉप झराझरा चालवतो, आवाजाचा वेग एवढा ठेवतो की शेजारच्याला एक शब्द कळणार नाही. एका कचेरीची भरतीची जाहिरात पीडीएफमध्ये आली होती. त्यानं मला फोन केला.

"दादा, तेवढी जाहिरात वाचून दाखवता का?"

"अरे, तुझा लॅपटॉप वाचतो ना सगळं?"

"वाचतो ना. ही फाईल उघडली की म्हणतो, पान रिकामं आहे. दुसरी एक होती, ती उघडली की इंग्रजी एबीसीडी बडबडतो. मराठीत असेल तर वाचेल ना तो, दादा. ही मराठीत नाहीच."

मी बघितलं. माझ्या पडद्यावर दोन्ही फाईली स्वच्छ मराठीत होत्या. पण त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

पहिली फाईल स्कॅन केलेली. कागद काढायचा, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचा, चढवायचा. ते पान नसतं, पानाचा फोटो असतो. स्क्रीन रीडरला तिथे अक्षरच सापडत नाही. दुसऱ्या फाईलची गोष्ट मात्र आपल्या मराठीच्या इतिहासात शिरते.

कॉम्प्युटरला अक्षराचा आकार कळत नाही. त्याच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. स्क्रीन रीडर पडद्याकडे बघत नाही, तो हे नंबर वाचतो. ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यात देवनागरीला जागाच नव्हती. आयआयटी कानपूर आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमधल्या लोकांनी त्यावर फार मोठं काम केलं. त्यातून 'इस्की' ही भारतीय लिप्यांची मानक पद्धत झाली, १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तिचं तत्त्व कोणतं, ओळखा? मराठी क, गुजराती क, तमिळ क, सगळ्यांना एकच नंबर. वेलांटी अक्षराच्या नंतर, बोलण्याच्या क्रमानं. म्हणजे १९५१ साली अंधांसाठी जे ठरलं, तोच विचार चाळीस वर्षांनी कॉम्प्युटरसाठी ठरला! तिच्यावरूनच जगाच्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी झाली. तिथे प्रत्येक लिपीला वेगळे नंबर दिले, पण क्रम तोच ठेवला. आता जगातल्या कुठल्याही मशीनमध्ये देवनागरी क चा नंबर २३२५.

पण बाजार थांबला नाही. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांची जागा डीटीपी घेत होतं आणि पेजमेकरला देवनागरी येत नव्हती. मग एक जुगाड निघाला. इंग्रजी अक्षराच्या नंबरवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. मशीनला वाटतं इंग्रजी टाईप झालं, डोळ्याला दिसतं मराठी. कृतिदेव आणि तसले डझनावारी फॉन्ट याच रीतीचे. या जुगाडाला नावं ठेवायचं कारण नाही. त्याच्यावर मराठी वर्तमानपत्रं चालली, लग्नपत्रिका छापल्या, दिवाळी अंक निघाले. शेवटी कागदच हातात यायचा होता, फाईल कोण ऐकणार होतं?

पण त्या फाईलच्या पोटात काय आहे ते बघा. कृतिदेवमध्ये 'भारत' टाईप केलं तर मशीनकडे जातं : एच, के, के, जे, आर. स्क्रीन रीडर तेच वाचणार! 'कि' टाईप करताना आधी वेलांटीसाठी एफ, मग क साठी डी. वेलांटी परत आधी गेली, कारण ती डोळ्याला आधी दिसते. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, प्रत्येकाची जागा वेगळी. ब्रेलच्या काळातली ठिपक्यांची लढाईच ही, फक्त आता फॉन्टची.

मला राहून राहून हाऊईची पुस्तकं आठवतात ती यामुळे. डोळ्याला देखणं अक्षर, वाचणाऱ्याला मुकं. पॅरिसच्या शिक्षकांना वाटायचं, आम्हाला दिसतंय ना, मग झालं. आपल्या कचेरीतल्या माणसालाही तसंच वाटतं. त्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या पडद्यावर मराठी दिसते, त्याच्या दृष्टीनं काम झालेलं असतं.

२००० नंतर विंडोजमध्ये युनिकोड मराठी येऊ लागली. आज तुमच्या मोबाईलवरचं सगळं टायपिंग युनिकोडच आहे, ही पोस्टसुद्धा. बहुतेक बातम्यांच्या वेबसाईटही त्यातच आहेत. पण छपाईची साखळी अजून जुन्या फॉन्टवर चालते. पुस्तकं, पत्रकं, ई-पेपरची पानं, संस्थांचे अहवाल. आणि त्यातूनच पीडीएफ निघतात.

याचा फटका केवढा, हे कायद्याच्या गोष्टीवरून कळतं. पूर्वी एखादं पुस्तक अंधांसाठी ब्रेलमध्ये किंवा आवाजात करायचं तर कॉपीराइट आडवा यायचा. आपण २०१२ साली कायदा बदलला आणि अपंगांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करायला मोकळीक दिली. २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर जागतिक करार झाला. त्याला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश कोणता? भारत, २०१४ साली. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे अंधांसाठीचं ऑनलाईन ग्रंथालयही सुरू झालं. कायद्याचं कुलूप निघालं. पण जुन्या फॉन्टमधली मराठी फाईल प्रकाशकानं मोठ्या मनानं दिली, तरी ती तशीच वाचता येत नाही. ती बदलून घ्यायची, नाहीतर स्कॅन करायची, नाहीतर कोणीतरी बसून पुन्हा टाईप करायची आणि ओळन् ओळ तपासायची. त्यात जोडाक्षरं फुटतात, रफार उडतात. इंग्रजी पुस्तक अंध वाचकाला आज मिळतं आणि मराठी उद्या, परवा किंवा कधीच नाही, त्याचं एक कारण हे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२ वं कलम स्पष्ट आहे. ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असावा, यासाठी सरकारनं पावलं उचलायची आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम 'जमलं तर करा' अशा स्वरूपाचे असून चालणार नाहीत, बंधनकारकच हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे, असं म्हटलं. त्यातल्या याचिकाकर्त्यांपैकी एक स्वतः पूर्ण अंध. बँकेच्या केवायसीत 'कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवा' असं सांगितलं जातं, ते अंध माणसानं करायचं कसं, असा साधा प्रश्न त्या प्रकरणात होता.

कोणी म्हणेल, आता एआय आलंय, फोटोतलंही वाचतं. खरं आहे, वाचतं. बरीच मदतही होते. बी माय आईजसारख्या अॅपवर आधी डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर सांगायचे, आता मशीनही सांगतं. पण भरतीच्या जाहिरातीत शेवटची तारीख ३ की ८, वयाची अट ३३ की ३८, हे मशीननं अंदाजानं सांगितलं आणि ते चुकलं, तर वर्ष कोणाचं जाणार? दोन रकान्यांची बातमी फोटोतून वाचताना इकडची ओळ तिकडे जोडली जाते. आणि मुळात, मजकूर कोणीतरी टाईप केलेलाच होता. तो चित्रात कोंडायचा आणि मग चित्रातून उकरून काढायला मशीन बसवायचं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेली माणसं ५० लाखांच्या आसपास होती. त्यात आपल्या तालुक्यातलीही आहेत. मोतीबिंदूनं धूसर दिसणारी आपली आई-आत्या धरली तर आणखी किती! त्यांनाही आवाजात ऐकायला सोपं जातं.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. जे टिकलं ते अंधांनी स्वतः केलं, किंवा त्यांना बरोबर घेऊन झालं. ब्रेल, भारती ब्रेल, जॉज, एनव्हीडीए. त्यांचं काम त्यांनी करून ठेवलंय. राहिलंय ते आपलं, आणि त्याला ना शोध लागतो ना निधी.

ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी, कचेरी : सही-शिक्क्याची स्कॅन प्रत ठेवा, पण तिच्यासोबत युनिकोडमध्ये टाईप केलेली प्रतही चढवा. टाईप तर तुम्ही केलेलंच असतं.

छापखानेवाले, प्रकाशक मित्र : नवं काम युनिकोडमध्ये घ्या. जुन्या फायली फेकू नका, त्या बदलता येतात.

आम्ही बातमीदार मंडळी : कात्रणाचा फोटो जरूर टाकावा, खाली मजकूरही टाकावा.

ग्रुप अॅडमिन आणि नेत्यांचे कार्यकर्ते : शुभेच्छांचा बॅनर राहू दे, पण पाणी कधी येणार, लाईट कधी जाणार, लसीकरण कुठे, ही माहिती बॅनरमध्ये कोंडू नका. फेसबुकवर फोटो टाकताना त्याचं वर्णन लिहायची सोय असते, ती वापरा.

आणि हे जमलं की नाही, ते आपल्या डोळ्यांनी तपासू नका. गावातल्या एखाद्या अंध माणसाला फाईल पाठवा आणि विचारा, वाचली का? नसेल कोणी ओळखीचं, तर स्वतःच्या मोबाईलवर टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि ऐका. बंद कसं करायचं तेवढं आधी बघून ठेवा, नाहीतर मला फोन येतील.

आमचा तो तरुण सध्या पुढच्या परीक्षेच्या तयारीत आहे. त्या जाहिरातीची टाईप केलेली प्रत द्यावी असा अर्ज त्यानं कचेरीत दिला आहे, सोबत ४२ व्या कलमाचा उतारा जोडलाय. उत्तर आलं की इथेच कळवीन.

पोस्ट पटली तर पुढे पाठवा. फक्त स्क्रीनशॉट काढून नको, मजकूर कॉपी करून पाठवा.